पावणेपाच किलो काळजी

आमच्या गोल्फ क्लबात पहिला फटका मारण्यापूर्वी सभासदाने आपली काळजी कॅडीकडे द्यावी आणि अठरावा होल संपल्यावर ती परत घ्यावी, असा नियम आहे. नियमाचा पहिला भाग सगळे पाळतात.

मी विश्वनाथ ठोसर, या क्लबाचा कॅडी मास्टर. सभासदांच्या बॅगा खांद्यावर घेऊन त्यांच्यामागे अठरा होल चालणारी जी माणसं असतात त्यांना कॅडी म्हणतात, आणि त्यांची हजेरी, पाळी व शिस्त माझ्याकडे असते. बावीस वर्षं हे काम करतोय. मी स्वतः गोल्फ खेळत नाही. एवढ्या जवळून बघितल्यावर कुणालाही खेळावंसं वाटणार नाही.

नियम कसा आला ते सांगतो. पूर्वी आमचे सभासदही इतर क्लबांतल्या सभासदांसारखेच खेळत, म्हणजे वाईट. मग कमिटीने एका मानसतज्ज्ञाला बोलावलं. विषय होता, गोल्फ सुधारण्याची मानसिक बाजू. त्याने वरच्या हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवत तीन तास भाषण केलं, मध्ये चहा आणि काकडीचे सँडविच झाले. भाषणाचं सार एवढंच होतं की, फटका मारताना डोक्यात दुसरं काही नसलं तर चेंडू सरळ जातो. सभासद गंभीर झाले. हे जमायचं कसं, असं एकाने विचारलं. तज्ज्ञ म्हणाला, डोळे मिटा आणि काळजी बाजूला ठेवा.

बाजूला म्हणजे कुठे, यावर पुढच्या बैठकीत दीड तास चर्चा झाली. शेवटी अध्यक्षांनी मुद्दा सोडवला. अध्यक्ष तेंबे साहेब निवृत्त न्यायाधीश आहेत, मुद्दे सोडवायची त्यांना सवय आहे. ते म्हणाले, आपली बॅग कॅडी उचलतो, छत्री कॅडी उचलतो, पाण्याची बाटली आणि घाम पुसायचा टॉवेलही तोच उचलतो. मग एवढी एकच वस्तू सभासदाने स्वतः का वाहायची? ठराव एकमताने पास झाला. कॅडीच्या स्वतःच्या काळज्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही. त्या आधीपासून त्याच्याकडेच होत्या, त्यामुळे तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

द्यायची रीत सोपी आहे. सभासद कॅडीच्या डाव्या खांद्यावर हात ठेवून ‘घे’ म्हणतो. कॅडी ‘घेतली’ म्हणतो. काळजीला आकार नसतो, वासही नसतो, फक्त वजन असतं. कॅडी शेडमध्ये बॅगा तोलायचा काटा आहे, त्यावर कॅडीला आधी एकदा आणि नंतर एकदा उभं केलं की आकडा कळतो. परत घेताना हेच उलटं करायचं. पण चार तास हलकं राहिलेल्या माणसाला परत जड व्हायची आठवण राहत नाही. सभासद सरळ बारमध्ये जातात. त्यांच्या गाड्या निघून जातात आणि कॅडी शेडमध्ये वीस-पंचवीस माणसं कपाळाला हात लावून बसलेली राहतात.

आमचे सगळे कॅडी शेजारच्या पाथरटेक गावचे. ज्या जमिनीवर क्लब आहे ते त्यांच्या गावाचं गायरान होतं. त्यांच्या आजोबांनी इथे गुरं चारली, नातू बॅगा उचलतात. आता गावात संध्याकाळी पारावर जा, तुम्हाला कुठली बँक बुडेल, अमेरिकेचा व्हिसा कधी मिळेल आणि अँजिओग्राफी करावी की थांबावं, याचीच चर्चा ऐकू येईल. एका डॉक्टरांचं कोलेस्टेरॉल ज्याच्याकडे आहे त्याने तूप सोडलंय. खुद्द तेंबे साहेबांनी वीस वर्षांपूर्वी दिलेला एक निकाल बरोबर होता की चूक, ही काळजी सध्या कचरू वाघेरेकडे आहे. कचरू तीन-चार महिन्यांतून एकदा एसटीने त्या आरोपीच्या गावी जातो, त्याच्या घरासमोर थोडा वेळ बसतो आणि परत येतो. तेंबे साहेबांचा खेळ या वयातही फार मोकळा आहे.

आता मुद्द्यावर येतो. मुद्दा भिवसेन गांगुर्डेचा आहे.

भिवसेन आमचा सगळ्यात जुना कॅडी आणि, हे मी सभासदांसमोर म्हणत नाही, क्लबातला सगळ्यात चांगला खेळाडू. सोमवारी मैदान सभासदांसाठी बंद असतं. त्या दिवशी कॅडींना खेळायची मुभा आहे. उसन्या काठ्या घेऊन, पायात साधे कॅनव्हासचे बूट घालून भिवसेन जे फटके मारायचा ते बघायला मी माझी सुट्टी सोडून यायचो. माझी बायको म्हणायची, तुम्हाला घरात करमत नाही. खरं होतं.

भिवसेनकडे सबनीस साहेबांची काळजी होती. अनिरुद्ध सबनीस यांचा एमआयडीसीत व्हॉल्व्हचा कारखाना आहे. माणूस उंच, गोरा, नेहमी हसतमुख. त्यांना एकच मुलगी, ऋजुता. पत्नी वारल्यावर त्यांनी तिला एकट्याने वाढवलं. अकरा वर्षांपूर्वी ती शिकायला कॅनडात एडमंटनला निघाली, आणि ज्या रविवारी रात्री तिचं विमान होतं त्याच रविवारी सकाळी क्लबात अध्यक्षीय चषकाची फायनल होती. साहेब पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू होतो त्या चौथऱ्यावर, आले तेव्हा दर मिनिटाला घड्याळ बघत होते. त्यांनी भिवसेनच्या खांद्यावर हात ठेवून ‘घे’ म्हटलं आणि मग असे खेळले की बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. चषक जिंकला. काळजी परत घ्यायची राहून गेली, ती राहूनच गेली. तेव्हापासून त्यांचा हँडिकॅप एकोणीसवरून सातवर आला. हा आकडा जितका कमी तितका माणूस चांगला खेळतो.

इकडे त्या रात्री भिवसेन झोपला नाही. त्याची बायको इंदू सांगते की, पहाटे उठून तो अंगणात विमान शोधत होता. एडमंटन कुठे आहे ते त्याने माझ्याकडून नकाशात बघून घेतलं. पहिल्या हिवाळ्यात तिथे उणे तीस झालं तेव्हा पाथरटेकला मे महिन्यासारखं ऊन होतं आणि हा माणूस शेडमध्ये मफलर गुंडाळून बसला होता.

मैदानावर मोबाइलला बंदी आहे. रविवारी सकाळी ऋजुताताई वडिलांना फोन लावायची तेव्हा तो बंद असायचा, म्हणून ती शेडच्या फोनवर करायची. फोन भिवसेन घ्यायचा. साहेब अकराव्या होलवर आहेत, ताई. जेवलीस का? बर्फातले बूट घेतलेस का? अकरा वर्षांत परीक्षा, नोकरी, लग्न, सगळं या फोनवर झालं. ती त्याला भिवाकाका म्हणते. तो प्रत्येक बातमी प्रामाणिकपणे साहेबांपर्यंत पोचवायचा. साहेब प्रत्येक वेळी म्हणायचे, “छान.”

गेल्या नोव्हेंबरात भिवसेनने त्यांना सांगितलं, “साहेब, ताईंना सातवा लागला. डॉक्टरनी पडून राहायला सांगितलंय. बीपी वाढतंय म्हणे.”

“छान,” साहेब म्हणाले. “पाच नंबरची काठी दे.”

त्याच महिन्यात भिवसेनला मी काट्यावर उभं केलं. सुरुवातीला दोन किलो भरलेली काळजी पावणेपाच झाली होती.

आणि नेमकी त्याच वेळी नोटीस लागली. दरवर्षी जानेवारीतल्या एका सोमवारी कॅडींची स्पर्धा होते. या वर्षी जिंकणाऱ्याला क्लबात सहायक प्रशिक्षकाची कायमची जागा मिळणार होती. गणवेश, रजा, प्रॉव्हिडंट फंड आणि मुख्य म्हणजे बॅग उचलणं बंद. वयाची अट पंचेचाळीसच्या आत. भिवसेन मार्चमध्ये पंचेचाळीस पूर्ण करणार होता. पुढच्या वर्षी हे दार त्याच्यासाठी बंद.

लांबचे फटके तो झोपेतही मारेल. घोडं अडायचं ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर. चेंडू होलपासून दोन हातांवर, नुसता अलगद ढकलायचा, पोरसुद्धा ढकलेल. हा वाकायचा, आणि वाकल्यावर ताईचं बीपी आठवायचं. चेंडू कडेने निघून जायचा. डिसेंबरच्या चारही सोमवारी हेच. चौथ्या सोमवारी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“मास्तर, एक अर्ज लिहून द्या. साहेबांनी एका दिवसापुरती काळजी परत घ्यावी. एकच दिवस. मंगळवारी सकाळी मी परत घेतो, पाहिजे तर त्यांच्या घरी जाऊन घेतो.”

मी अर्ज लिहिला. शुद्ध भाषेत, समास सोडून लिहिला, आणि कमिटीच्या बैठकीत स्वतः वाचून दाखवला. सबनीस साहेब कमिटीवर आहेतच.

“कसली काळजी?” त्यांनी कुतूहलाने विचारलं.

“आपल्या कन्येची, साहेब. अकरा वर्षांपूर्वी दिलेली.”

“असं होय? बरी आहे ना ती?”

“त्याचीच काळजी आहे, साहेब.”

तेंबे साहेबांनी चष्मा लावला. खोलीत जरा चुळबुळ झाली, कारण तिथे बसलेल्या नऊ जणांपैकी प्रत्येकाचं काही ना काही पाथरटेकला पडून होतं. आज सबनीसांना परत घ्यायला लावली तर उद्या आपल्या दारात रांग लागेल, हे न बोलताही सगळ्यांना कळलं. तेंबे साहेबांनी नियमांची पुस्तिका चाळली आणि त्यांना विसरलेल्या वस्तूंचा नियम सापडला. क्लबाच्या आवारात विसरलेली टोपी, छत्री, चष्मा वा अन्य वस्तू तीस दिवसांत मालकाने न नेल्यास ती सांभाळणाऱ्याची होते.

“अन्य वस्तू,” तेंबे साहेब म्हणाले. “इथे तीस दिवस नाही, अकरा वर्षं झाली. त्यामुळे सदर काळजी आता सबनीसांची राहिलेली नाही. ती गांगुर्डे यांच्या मालकीची आहे. परत घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.”

“माझं अनुमोदन,” सबनीस साहेब म्हणाले. त्यांना मनापासून बरं वाटलेलं दिसलं. ठराव झाला, सह्या झाल्या, त्याची एक प्रत भिवसेनला द्यायला माझ्याकडे आली.

ती प्रत देताना मला लाज वाटली. शेडमध्ये त्याने ती दोनदा वाचली, घडी घातली, आणि जरा वेळाने परत उघडली.

“मास्तर, म्हणजे ही आता माझी?”

“तुझी.”

“माझी स्वतःची?”

“सहीशिक्क्यानिशी.”

“मंग स्पर्धेत मी खेळाडू हाय. आणि खेळाडूनं आपली काळजी कॅडीकडं द्यायची असते ना?”

मी कपाटातून नियम काढून पुन्हा वाचले. त्याच्या विरुद्ध एक ओळ सापडली नाही.

इथे या स्पर्धेची एक प्रथा सांगायला हवी. त्या दिवशी कॅडी खेळतात आणि सभासद त्यांच्या बॅगा उचलतात. कुणा जुन्या अध्यक्षांनी सुरू केलेली पद्धत आहे, वार्षिक अंकात फोटो चांगला येतो. फोटो पहिल्या टीवर काढतात. तो निघाला की सभासद बॅग गवतावर ठेवतो आणि न्याहारीला जातो, पुढे कॅडी आपली बॅग आपणच उचलतो. कुणाची बॅग कुणी उचलायची ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. भिवसेनच्या नावासमोर निघालेल्या चिठ्ठीवर सबनीस साहेबांचं नाव होतं. चिठ्ठ्या मीच टाकल्या होत्या. याहून जास्त मी या विषयावर बोलणार नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता पहिल्या टीवर फोटोग्राफर तयार होता. सबनीस साहेब पांढरी टोपी घालून, खांद्यावर बॅग घेऊन हसत उभे राहिले. भिवसेनने त्यांच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

“साहेब, घ्या.”

“घेतली, घेतली,” साहेब हसत म्हणाले. त्यांना तो फोटोचाच भाग वाटला.

फोटो निघाला. वार्षिक अंकात तो छापलेला नाही, कारण त्यात साहेबांचा एक गुडघा जमिनीला टेकलेला दिसतो.

बाकीचे सभासद न्याहारीला गेले. साहेब गेले नाहीत. भिवसेनने मारलेला चेंडू हवेत होता तोवरच ते म्हणाले, “भिवसेन, कितवा महिना म्हणालास?”

“आता नववा लागला साहेब.”

“आणि बीपी?”

“शनिवारी दीडशेच्या वर होतं. चला साहेब, चेंडू लांब गेलाय.”

मी त्या दिवशी पंच होतो, त्यामुळे शेवटपर्यंत त्यांच्या मागे चालत होतो. असा खेळ मी बावीस वर्षांत बघितला नाही. भिवसेन फटका मारायचा आणि चेंडूकडे बघायचासुद्धा नाही, चेंडू जिथे जायचा तिथेच गेलेला असायचा. ग्रीनवर वाकायचा, ढकलायचा, आत. त्याचा चेहरा धुतल्यासारखा मोकळा दिसत होता. आणि मागे सात हँडिकॅपवाले सबनीस साहेब बॅग सावरत, धापा टाकत, एकामागून एक प्रश्न विचारत होते. तिसऱ्या होलवर जावयाचं नाव विचारलं. सहाव्यावर विचारलं, लग्नाला मी गेलो होतो का? भिवसेनने सांगितलं की, नाही, त्या आठवड्यात महाबळेश्वरला आंतरक्लब स्पर्धा होती. साहेबांनी तिथेच बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, बूड टेकलं. मला त्यांना उठवावं लागलं, कारण बंकरमध्ये कॅडीने बसू नये असा नियम आहे.

अकराव्या होलवर त्यांनी विचारलं, “ती रडली होती का रे कधी फोनवर?”

“पहिल्या वर्षी लई रडायची,” भिवसेन म्हणाला. आवाज अगदी शांत होता. “मी सांगायचो, साहेब अकराव्या होलवर आहेत. सात नंबर द्या साहेब.”

साहेबांनी सात नंबरची काठी दिली.

सतरा होल झाले. संपत बेंडकुळे नावाचा तरुण कॅडी आधीच सत्तर फटक्यांत फेरी संपवून शेडबाहेर बसला होता. भिवसेनचे सहासष्ट झाले होते. अठराव्यावर दोन फटक्यांत तो ग्रीनवर पोचला. आता ढकलायचा एकच फटका, सात-आठ हातांचा, थोडा उताराचा. आत गेला तर एकोणसत्तर, म्हणजे जागा त्याची. बातमी लागल्याने वरच्या गच्चीत सभासद चहाचे कप घेऊन उभे राहिले होते. कुंपणापलीकडे पाथरटेकची माणसं होती. इंदू होती. कुणी बोलत नव्हतं.

भिवसेन वाकला. आणि माझ्या मागून आवाज आला.

“ऋजू? ऋजू, मी बाबा.”

सबनीस साहेब ग्रीनच्या कडेला बॅगेवर डोकं टेकून बसले होते आणि त्यांच्या कानाला मोबाइल होता. पलीकडे मध्यरात्र होती. इतक्या शांततेत मला तिचा आवाज ऐकू आला, घाबरलेला. “बाबा? काय झालं? तुम्ही बरे आहात ना?”

“मी बरा आहे. तू सांग, तू बरी आहेस का? पाय सुजलेत का तुझे? तुझ्या आईचे सुजायचे.”

भिवसेनने मान वर केली नाही. त्याने चेंडू ढकलला. चेंडू उतारावर हलकेच वळला, होलच्या काठावर आला आणि आत पडला. कुंपणापलीकडे एकच जल्लोष झाला. इंदूने पदर तोंडाला लावला.

मला पुढचं करायचं नव्हतं. पण मी पंच होतो आणि गच्चीत तेंबे साहेब उभे होते. खेळ चालू असताना मोबाइल वापरल्यास दोन फटक्यांचा दंड, आणि कॅडीची चूक ती खेळाडूची चूक. हा दुसरा नियम जगभरच्या गोल्फमध्ये आहे. आमच्या क्लबात तो कधी लागू झाला नव्हता. आमच्याकडे बावीस वर्षं खेळाडूची प्रत्येक चूक ही कॅडीची चूक होती, उलटं होण्याची ही पहिलीच वेळ.

“एकोणसत्तर अधिक दोन,” मी म्हणालो. “एकाहत्तर.” संपत एका फटक्याने जिंकला होता. मला फार वाईट वाटलं. रजिस्टरमध्ये लिहिताना मला ओळ दिसेना.

“दंड मला करा,” सबनीस साहेब ओरडले. “ठोसर, मला करा! त्याचा काय संबंध?”

“आपण कॅडी आहात साहेब. कॅडीला दंड करायची तरतूद नाही.”

भिवसेन होलमधून चेंडू काढून पुसत होता. “बरोबर हाय मास्तर. लिहा,” तो म्हणाला. कायमची जागा गेली होती, वय संपलं होतं, आणि त्याच्या कपाळावर एक आठी नव्हती. काळजीच जवळ नव्हती, आठी कुठून येणार?

मग तो साहेबांपुढे जाऊन उभा राहिला. “साहेब, अठरा होल झाले. माझी काळजी द्या.”

साहेबांनी बॅग छातीशी धरली. फोन अजून चालू होता. “नाही देणार.”

“साहेब, नियम हाय.”

“ती माझी मुलगी आहे!”

“मुलगी तुमचीच हाय साहेब. काळजी माझी हाय. लेखी हाय.” त्याने खिशातून ठरावाची घडी काढली.

तेंबे साहेबांना खाली बोलावलं. त्यांनी स्वतःची सही ओळखली, खालची सबनीसांची अनुमोदनाची सहीही ओळखली. ते म्हणाले की मालकीबद्दल संदिग्धता नाही. कॅडीने खेळाडूची वस्तू स्वतःकडे ठेवणं गैरवर्तनात मोडतं, अशा कॅडीचं नाव यादीतून कमी होऊ शकतं.

साहेब गयावया करायला लागले. एवढ्या मोठ्या माणसाला तसं बघणं कठीण होतं. “भिवसेन, तू जागा गमावलीस माझ्यामुळे. तुला कारखान्यात घेतो. हवं ते माग. ही माझ्याकडे राहू दे. मला अकरा वर्षांनी पहिल्यांदा कळतंय, ती कशी आहे ते.”

भिवसेनने चेंडू खिशात टाकला. “देतो साहेब. पण एक सांगा. रविवारी तुमची फायनल हाय. पहिल्या टीवर तुम्ही ही कोणाच्या खांद्यावर द्याल?”

साहेबांची नजर शेडकडे गेली.

“नवीन पोरगं असंल एखादं,” भिवसेन म्हणाला. “त्याला ताईचा नंबर माहीत नाय. ताई फोन करील आणि कोणी घेणार नाय. माझ्याकडंच बरी हाय ती.”

साहेबांनी माझ्याकडून पेन्सिल मागितली आणि स्कोअरकार्डाच्या मागे लिहायला लागले. ते कार्ड माझ्या कपाटात आहे, मजकूर असा: ‘मी, अनिरुद्ध सबनीस, दर सोमवारी श्री. भिवसेन गांगुर्डे यांचा कॅडी म्हणून काम करीन. पुढे मी यास नकार दिल्यास, विसरलो म्हटल्यास किंवा हसण्यावारी नेल्यास ते ग्राह्य धरू नये.’ तेंबे साहेबांनी साक्षीदार म्हणून सही केली.

त्यानंतर साहेबांनी उभं राहून भिवसेनच्या खांद्यावर हात ठेवला. “घे.”

“घेतली,” भिवसेन म्हणाला, आणि त्याचा खांदा ओळखीच्या बाजूला झुकला. त्याच क्षणी त्याने मागे वळून संपतकडे, मग कुंपणापलीकडे उभ्या इंदूकडे बघितलं, आणि तेव्हा कुठे त्याचे डोळे भरून आले. साहेब ताठ झाले. त्यांनी रुमालाने चेहरा पुसला, रुमाल ओला कसा झाला म्हणून त्याच्याकडे बघितलं, आणि फोन कानाला लावला.

“बाबा? बाबा, आहात ना?”

“छान,” साहेब म्हणाले. “झोप आता.” आणि ते बारकडे गेले.

रविवारची फायनल त्यांनी जिंकली.

संपत आता सहायक प्रशिक्षक आहे. नव्या सभासदांना तो शिकवतो की डोक्यात काही ठेवू नका. भिवसेनला मार्चमध्ये पंचेचाळीस पूर्ण झाली, तो मंगळवार ते रविवार बॅग उचलतो. ऋजुताताईला जानेवारीअखेर मुलगी झाली, गुरुवारी. दोघी सुखरूप आहेत. भिवसेनने त्याच दिवशी साहेबांना कळवलं, साहेब छान म्हणाले. पुढच्या सोमवारी तिसऱ्या होलवर ते बॅग टाकून गवतात बसले आणि हमसून हमसून रडले. भिवसेन चेंडूजवळ काठी टेकून थांबून राहिला.

सोमवारी सकाळी साहेब येतात ते कुरकुरतच. “हे काय लचांड लावून दिलंय ठोसर, माझा सुट्टीचा दिवस आहे,” असं म्हणतात. मी कपाटातून कार्ड काढून समोर धरतो. ते आपली सही बघतात आणि बॅग उचलतात. पहिल्या टीवर भिवसेन खांद्यावर हात ठेवतो. मैदानात मोबाइल चालत नाही, म्हणून अकराव्या होलपाशी साहेब तारेच्या कुंपणाखालून वाकून पाथरटेकच्या हद्दीत जातात आणि तिथे बांधावर बसून नातीशी बोलतात. पॅन्ट दोनदा फाटली.

भिवसेन दर सोमवारी सत्तरच्या आत खेळतो. सोमवारच्या खेळाची नोंद होत नाही. पूर्वी त्याची फेरी चार तासांत व्हायची, आता सहा तास लागतात. सतराव्या होलनंतर तर साहेबांचं पाय ओढल्यासारखं चालणं असतं. कॅडी फार हळू चालतो, आणि भिवसेन त्याला घाई करत नाही.